सायबेरियन आयरिस: लावणीपासून तिसऱ्या जूनपर्यंत

२०१५ च्या ऑक्टोबरात मी मिनियापोलिसच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात पहिल्यांदा सायबेरियन आयरिस हे गड्ड्यापासून वाढणारं फुलझाड लावलं. सहा गड्डे. नावातच सायबेरिया, मग मिनेसोटाच्या थंडीची याला काय मातब्बरी, असा माझा हिशेब. मार्चअखेरीस बर्फ उतरला तेव्हा सहापैकी पाच गड्डे मातीवर उघडे पडले होते, कुणी हाताने उपटून ओळीत मांडून ठेवावेत तसे. सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले, तर ती म्हणाली, "अगं, अंगणात हळकुंडं वाळत घातलीयंस का?"

ते गड्डे थंडीने मेले नव्हते. थंडीने त्यांना उचलून बाहेर टाकलं होतं, आणि मग उघड्या वाऱ्यात त्यांतले चार वाळून मेले. हिवाळा संपताना दिवसा वरची माती वितळते आणि रात्री पुन्हा गोठते. गोठताना ती खालचं पाणी वर ओढून घेते, त्याच्या बर्फाच्या चकत्या बनतात आणि जमीन फुगून वर येते. सोबत गड्डाही वर येतो. दुपारी माती खाली बसते, गड्डा मात्र अडकतो तिथेच. असं वीस-पंचवीस वेळा झालं की काम तमाम. जुन्या ठोंबाला याचं काही वाटत नाही, कारण त्याच्या मुळांनी खोलवर जमीन धरलेली असते. ऑक्टोबरात लावलेल्या गड्ड्याला तेवढा वेळच मिळालेला नसतो.

म्हणून हिवाळा येण्याआधी मुळं जमिनीत घट्ट बसली पाहिजेत. पहिल्या वर्षी फुलांचा विचार बाजूला ठेवायचा. पुढचं सगळं त्या हिशेबानेच लिहिलं आहे.

रोप निवडताना

सायबेरियन आयरिस म्हणून बागेत जे मिळतं ते मुख्यतः दोन जातींमधून आलेलं असतं. 'आयरिस सिबिरिका' ही मध्य युरोपापासून पश्चिम सायबेरियापर्यंतच्या ओलसर कुरणांतली, आणि 'आयरिस सँग्विनिया' ही पूर्व सायबेरिया, कोरिया, जपानकडची. दोन्हींची गुणसूत्रं २८. चीन-हिमालयाच्या बाजूच्या काही जाती ४० गुणसूत्रांच्या आहेत, त्यांना आणि त्यांच्या संकरांना 'सायनो-सायबेरियन' म्हणतात. दिसायला त्या अतिशय देखण्या, पण आपल्यासारख्या कडक हिवाळ्याच्या ठिकाणी त्यांच्या नादी लागू नका. निदान पहिल्या खेपेला तरी नको.

अमेरिकेच्या कृषी खात्याने हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून देशाचे झोन पाडले आहेत, आकडा लहान तितकी थंडी जास्त. २८ वाल्यांतले बहुतेक वाण झोन ३ पर्यंत तगतात, म्हणजे उणे ४० अंशांपर्यंत. (फॅरनहाइट की सेल्सियस, असं विचारू नका. उणे ४० ला दोन्ही एकच.) २०२३ च्या झोनच्या नव्या नकाशात मिनियापोलिस झोन ५अ मध्ये गेलं, त्याआधी ते ४ब होतं. थोडक्यात, थंडीला घाबरायचं कारण नाही. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे २८ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३३ सेल्सियसवर गेला होता. माझे तेव्हाचे अडीच वर्षांचे ठोंब त्या जूनमध्ये नेहमीसारखे फुलले.

वाणांची संख्या प्रचंड आहे. सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते 'सीझर्स ब्रदर' घ्यावा. गडद जांभळा, उंच, स्वस्त आणि चिवट. माँट्रियलच्या क्लीव्हलँड मॉर्गन यांनी १९३२ मध्ये तो आणला, म्हणजे थंडीतच वाढलेला जीव आहे. दुसरा 'बटर अँड शुगर': वरच्या पाकळ्या पांढऱ्या, खालच्या लोण्यासारख्या पिवळ्या. तो करियर मॅकएवन यांचा. हे गृहस्थ न्यूयॉर्कमधले संधिवाताचे डॉक्टर आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता. निवृत्तीनंतर मेन राज्याच्या थंडगार किनाऱ्यावर जाऊन त्यांनी आयरिसांचे संकर केले आणि शंभरी ओलांडली.

रोप तीन रूपांत मिळतं. कुंडीतलं रोप मे-जूनमध्ये मिळतं, महाग पडतं, पण नवख्यासाठी सर्वांत सुरक्षित. टपालाने येणारे मातीविरहित गड्डे ऑगस्ट-सप्टेंबरात पाठवतात. एकट्या फुटव्याचा गड्डा घेऊ नका. तीन-चार फुटवे एकत्र असलेला तुकडा मागा. एकटा फुटवा जगला तरी दोन वर्षं नुसता बसून राहतो. तिसरं रूप म्हणजे वसंतात मोठ्या दुकानांत मिळणाऱ्या चित्रांच्या पिशव्या, आत भुशात ठेवलेले गड्डे. पिशवी दाबून बघा. कडकडीत लागलं तर ठेवून द्या, सवलत कितीही असली तरी. दाढीवाल्या आयरिसचा (बिअर्डेड आयरिस, खालच्या पाकळीवर केसाळ पट्टा असलेला) जाडजूड गड्डा आठवडाभर कोरडा राहिला तरी चालतं, कारण त्यात साठा असतो. सायबेरियनचा गड्डा बारीक, करंगळीएवढा, आणि सारी मदार मुळांवर. मुळं वाळली की खेळ खलास.

शेजारणीकडून मिळत असेल तर उत्तमच, पण दोन गोष्टी बघा. मिनेसोटात उड्या मारणारी गांडुळं पसरत आहेत. ती जमिनीचा वरचा थर कॉफीच्या चोथ्यासारखा भुसभुशीत करून टाकतात, त्यात मुळं धरत नाहीत. म्हणून मातीसकट रोप आणायचं नाही. बादलीत मुळं स्वच्छ धुवायची आणि ते पाणी बागेत ओतायचं नाही. दुसरी गोष्ट, 'तळ्याकाठचा पिवळा आयरिस' म्हणून कुणी आनंदाने काही देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हणा. तो आक्रमक आहे आणि इथल्या पाणथळी गिळत चालला आहे. फुलं नसताना ओळखायचं असेल तर पानं बघा. सायबेरियनची पानं गवती चहासारखी अरुंद असतात. पिवळ्याची रुंद, तलवारीसारखी, मधोमध ठसठशीत शीर असलेली.

जागा आणि माती

किमान सहा तास ऊन. मॅपलच्या सावलीत पानं हिरवीगार येतात, फुलं मात्र दोन-चारच. शिवाय मॅपलची वरवर पसरलेली मुळं सगळं पाणी पिऊन टाकतात.

याला ओल आवडते म्हणून लोक सर्वांत खोलगट कोपरा निवडतात. तिथे घोटाळा होतो. हिवाळ्यात पाणी साचून गड्ड्यावर बर्फाची लादी बसेल अशी जागा नको. एप्रिलमध्ये मुद्दाम फिरून बघा: बर्फ वितळल्यावर दोन दिवसांनीही डबकं दिसतं तिथे लावू नका, पण त्याच्या काठावरची चढती जागा फार छान. छपराच्या पन्हाळीचं पाणी जिथून वाहत जातं तिथला काठही चालतो.

मातीबद्दल एकच आग्रह धरते: थोडी आम्लधर्मी हवी, सामू (पीएच) साडेपाच ते सातच्या आत. आमच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतली चिकणमाती बऱ्याचदा सातच्या वर जाते आणि मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मिनेसोटा विद्यापीठाची प्रयोगशाळा माती तपासून देते. नमुना एकदा पाठवाच, अंदाजाने गंधक टाकण्यापेक्षा ते बरं. आणि शेकोटीची राख वाफ्यात टाकायची आपली जुनी सवय इथे सोडा. राखेने सामू आणखी वाढतो.

खणायचं ते वाफसा आल्यावर. मूठभर माती दाबून बोटाने टोचायची, गोळा फुटला तर खणा. चिखलासारखा चिकटून राहिला तर घरात जाऊन चहा करा. ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळं वर्षभर विटांसारखी राहतात. वाफा एक फूट खोल खणून त्यात चार बोटं जाडीचं जुनं, मुरलेलं कंपोस्ट मिसळा. ताजं शेणखत नको, त्याने गड्डे कुजतात. खतही आत्ता नको. लावतानाच खत घातलं की पानं वर झेपावतात आणि मुळं मागे राहतात.

केव्हा लावायचं

दोन खिडक्या आहेत. मे महिन्याचा पूर्वार्ध, किंवा १५ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. दुसऱ्या खिडकीचा नियम सोपा: जमीन कडक गोठण्याआधी किमान सहा आठवडे हातात हवेत, आठ मिळाले तर सोन्याहून पिवळं. ऑगस्टअखेरीस हवा निवते, पण जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. मुळांना ते फार मानवतं.

दुलुथकडे किंवा त्याहून उत्तरेला राहत असाल तर सरळ मे धरा. तिथे सप्टेंबर कधी येऊन गेला ते कळतही नाही. टपालाचं पार्सल उशिरा, ऑक्टोबरात आलं तर जमिनीत लावायचा मोह टाळा. मी तोच मोह टाळला नव्हता. गड्डे कुंडीत लावा, आणि ती कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरून वर पेंढ्याचा ढीग घाला, किंवा गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवा. मेमध्ये बाहेर लावा.

लावणी

गड्डे घरात आले की आधी बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवा. लावायला दोन-तीन दिवस लागणार असतील तरी पाण्यातच राहू द्या, पाणी तेवढं रोज बदला. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. पानं वीतभर ठेवून वरची कापून टाका, म्हणजे मुळं नसताना पानांतून पाणी उडत नाही.

सकाळी नाही, संध्याकाळी चारनंतर लावा. खड्डा मुळांच्या पसाऱ्यापेक्षा रुंद. मध्ये मातीचा छोटा उंचवटा करायचा, नैवेद्याच्या भाताची मूद असते तेवढा. गड्डा त्यावर बसवायचा आणि मुळं चहूबाजूंनी खाली सोडायची, साडीच्या निऱ्या सोडाव्यात तशी. मुळं वर वळलेली किंवा गोळा झालेली राहिली तर ती हंगामभर तशीच राहतात. मग माती लोटून हाताने दाबायची.

खोलीबद्दल नीट ऐका, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. दाढीवाल्या आयरिसचा गड्डा अर्धा उघडा ठेवतात, पाठीवर ऊन घेत. सायबेरियनला ते चालत नाही. त्याच्या गड्ड्यावर एक ते दोन इंच माती हवीच. चिकणमातीत एक, वाळूसारख्या हलक्या मातीत दोन. उत्तरेकडे अनोकाच्या बाजूला वाळवट जमीन आहे, तिथे मी दोन इंचांखाली येणार नाही. हे आल्याच्या लावणीसारखं समजा: गड्डा झाकलेला, कोंब वरच्या दिशेने.

दोन ठोंबांत दोन फूट अंतर. पहिल्या वर्षी वाफा भकास दिसेल. मध्ये झेंडूची रोपं लावा, हरकत नाही, पण ती गड्ड्यापासून वीतभर दूर.

शेवटी भोवती आळं करा आणि पाणी द्या. आळं भरलं, जिरलं, पुन्हा भरा. दुसऱ्या पाण्याने मातीतल्या पोकळ्या बसतात, मुळं मातीला चिकटतात. माती खाली बसून गड्डा दिसू लागला तर वर मूठभर माती घाला.

पहिला उन्हाळा

जुन्या ठोंबाला महिनाभर पाणी दिलं नाही तरी तो कुरकुर करत जगतो. नवीन लावलेला मरतो, आणि मेल्याचं तुम्हाला तीन आठवड्यांनी कळतं. पहिल्या हंगामात पाण्यात कुचराई झाली तर बाकी सगळं पुस्तकाबरहुकूम करूनही उपयोग नाही.

आठवड्याला एक इंच पाणी, पावसासकट. म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे २५ लिटर. हे मोजायला मी वाफ्यात श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवते. आतल्या बाजूला पेनाने एक इंचावर रेघ मारलेली आहे. फवारा सुरू केला की रेघेपर्यंत भरायला आमच्याकडे पन्नास मिनिटं लागतात. माझा समज होता, दहा मिनिटं पुरतात. रोज थोडं शिंपडण्याने फक्त वरची दोन बोटं ओली होतात आणि मुळं तिथेच घुटमळतात. आठवड्यातून एकदा भरपूर द्यायचं, वाळवट जमिनीत दोनदा विभागून. शंका आली तर तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. टोक कोरडं लागलं तर पाणी द्या.

हे पाणी ऑगस्टमध्ये थांबवायचं नाही, सप्टेंबरातही नाही. शाळा सुरू होतात, गौरी-गणपतीची धावपळ असते, बाग विसरली जाते, आणि नेमकी तेव्हाच मुळांची वाढ चालू असते. जमीन गोठेपर्यंत पाऊस नसेल तर पाणी चालू ठेवा.

लाकडाच्या सालीचं दोन-तीन इंच आच्छादन ओल धरून ठेवतं. फुटव्याच्या बुडाला मात्र ते टेकवू नका, चार बोटं मोकळी ठेवा. तण हाताने उपटा. खुरपं चालवलं तर वरच्या थरातली नवीन मुळं तुटतात. मेमध्ये लावलेल्या कुंडीतल्या रोपाला फुलदांडा आला तर? मी एक फूल बघून घेते, माणूस आहे शेवटी. ते कोमेजलं की दांडा बुडाशी कापून टाकते. बोंड धरू दिलं तर झाडाची ताकद बियांत जाते.

हरणं या झाडाकडे सहसा फिरकत नाहीत, सशांचंही फारसं भय नाही. घरात कुत्रं असेल तर गड्डे चघळू देऊ नका, उलट्या होतात.

हिवाळ्याच्या तोंडावर

ऑक्टोबरात पानं पिवळी, मग तपकिरी होऊन आडवी पडतात. ती केव्हा कापायची यावर दोन मतं आहेत. आयरिस पोखरणाऱ्या अळीचा पतंग जुन्या पानांवर अंडी घालतो, म्हणून काही जण सगळं साफ करून टाकतात. शेजारीपाजारी दाढीवाले आयरिस असतील तर मीही तेच सांगेन. नसतील, तर पहिल्या हिवाळ्यात पानं राहू द्या. ती बर्फ अडवून धरतात. वसंतात कोंब यायच्या आत कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

आता पेंढा. लोक ऑक्टोबरातच गोधडी घातल्यासारखा तो पसरतात. उलट परिणाम होतो: जमीन उबदार राहते, उंदीर घर करतात, गड्डे कुजतात. पेंढा घालायचा तो जमीन थंड ठेवण्यासाठी, एकदा गोठली की मध्येच वितळू नये म्हणून. तेव्हा वरचा इंचभर थर गोठून कडक झाल्यावरच घालायचा. आमच्याकडे ते साधारण थँक्सगिव्हिंगच्या आसपास किंवा डिसेंबर लागताना. बुटाची टाच आपटून बघा, ठण्ण आवाज आला की घाला. चार ते सहा इंच. गव्हाचा पेंढा, पाणथळीतलं सुकं गवत किंवा पाइनच्या काड्या चालतात. मॅपलची आख्खी पानं नकोत, ती भिजून पापडासारखी एकावर एक बसतात आणि खाली हवा खेळत नाही. पेंढा विकत आणायचीही गरज नाही. हॅलोविनला दारात सजावटीसाठी ठेवलेले भारे नोव्हेंबरात लोक फेकून देतात. गल्लीत एक फेरी मारली तर फुकट मिळतात.

सर्वांत उत्तम गोधडी बर्फाची. फावड्याने रस्ता साफ करताना तो वाफ्यावर टाका, मात्र मीठ मारलेल्या रस्त्यावरचा नको. इथल्या बांधकामाच्या नियमांनुसार राज्याच्या दक्षिण भागात पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो. जमीन गोठते ती इतकी खोल. तुमच्या पेंढ्याने ते थांबत नाही, आणि थांबायला नकोच आहे. वर-खाली होणं थांबलं की पुरे.

मार्च-एप्रिल: रोज एक फेरी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून वाफ्याकडे लक्ष ठेवा. दुपारी ऊन, रात्री गोठण, हाच धोक्याचा काळ. पेंढा एकदम काढू नका. हिरवी टोकं दिसू लागली की अर्धा काढा, आठवड्याने उरलेला. काढलेला जवळच ठेवा, मेच्या सुरुवातीला एखादी गोठणारी रात्र येतेच.

गड्डा वर आलेला दिसला तर बुटाने दाबू नका, अर्धवट गोठलेल्या मातीत मुळं तुटतात. माती मोकळी होईपर्यंत बादलीतली कोरडी माती किंवा कंपोस्ट त्यावर टाकून झाका. वितळल्यावर तळहाताने हलकेच खाली बसवा, पाणी द्या. पूर्ण बाहेर पडलेला असेल तर उचला, पाण्यात रात्रभर बुडवा आणि नव्याने लावा. दाबल्यावर घट्ट लागला, कापल्यावर आत पांढरा दिसला, तर तो जिवंत आहे. माझ्या त्या पाचांपैकी एक असा निघाला. आजही आहे, टपालपेटीपाशी.

पुढची दोन वर्षं

दुसऱ्या वसंतात कोंब वीतभर झाले की मूठभर १०-१०-१० (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) खत ठोंबाभोवती टाका, फुलं सरल्यावर आणखी थोडं. पाणी चालू ठेवा, पण आता दर आठवड्याची सक्ती नाही. फुलं तीन-चारच येतील. इथेच बरेच जण वैतागून ठोंब उपटतात आणि दुसरीकडे लावतात. तसं केलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. याला हलवलेलं आवडत नाही.

तिसऱ्या जूनमध्ये पहिल्या पंधरवड्यात एकेका ठोंबावर दहा-बारा दांडे उभे राहिले तर सगळं नीट झालं असं समजा. नाही आले तर आधी ऊन मोजा, मग सामू. खताकडे सर्वांत शेवटी जा.

सहा-आठ वर्षांनी ठोंबाचा मधला भाग रिकामा होतो, मेदुवड्यासारखा, आणि फुलं कमी होतात. तेव्हा ऑगस्टअखेरीस तो फोडायचा. गवती चहाचा ठोंब आपण कुदळीच्या एका घावात दुभागतो, इथे तसं जमत नाही. माझ्या नवऱ्याने झाडं छाटायची करवत काढली आणि तरी अर्धा तास गेला. बाहेरच्या कडेचे तीन-चार फुटव्यांचे तुकडे घ्यायचे, मधला वाळका भाग टाकून द्यायचा, आणि कापलेला प्रत्येक तुकडा लगेच पाण्याच्या बादलीत.